रुपया पडला, पण कोणाच्या अंगावर?

१९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि मतदारसंघ दोन जागांचा होता : एक सर्वसाधारण, एक राखीव. १९५२ साली निवडून आलेले चतुर्भुज जसानी बिडीच्या पेढीत भागीदार होते आणि त्या पेढीचा सरकारला बिड्या पुरवण्याचा करार होता. या मुद्द्यावर सुप्रीम कोर्टाने त्यांना अपात्र ठरवलं आणि मतदारांना पुन्हा रांगेत उभं राहावं लागलं. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले आणि हरले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले.

ही निवडणूक राजकारणाच्या पुस्तकांत सापडते. रुपयाच्या इतिहासात ती कोणी शोधत नाही, खरं तर शोधायला हवी. हरलेल्या उमेदवाराने १९२३ साली लंडनमध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. रुपया आणि पौंड यांचं नातं कसं ठरलं आणि त्यात कोण नागवला गेला, याचा तो हिशेब आहे. जिंकलेला उमेदवार बारा वर्षांनी केंद्रात नियोजनमंत्री होता आणि १९६६ च्या अवमूल्यनाआधी जागतिक बँकेशी बोलणी करायला वॉशिंग्टनला गेला होता. परकीय चलनासमोर रुपयाची किंमत किती असावी, या प्रश्नाची दोन टोकं एकाच मतपत्रिकेच्या हंगामात भंडाऱ्यात येऊन गेली.

पुढचा संवाद कल्पित आहे, त्यातला इतिहास आणि दर मात्र खरे आहेत. ताईंचं भंडाऱ्यात पितळी भांड्यांचं दुकान आहे. काकाजी तुमसर तालुक्यातल्या मँगनीज खाणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाले. ताईंना रुपया भक्कम हवा, काकाजींना विकणाऱ्याला परवडेल असा.

तेरा रुपये, पाच आणे, चार पै

ताई : काकाजी, पुतण्यानं मोबाइलवर तक्ता पाठवला, पाहा. १९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर. अन् २०२२ मध्ये डॉलर ऐंशीच्या पुढं गेला. पंचाहत्तर वर्षांत ही गत! राग येणार नाही तं काय?

काकाजी : राग नंतर कर, आधी भागाकार कर. १९४७ साली रुपया पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे एक शिलिंग सहा पेन्स, मिळून अठरा पेन्स. पौंडात २४० पेन्स. अठरानं भाग दिला की पौंड येतो तेरा रुपये पाच आणे चार पैला. तेव्हा पौंडाला ४.०३ डॉलर मिळत. म्हणजे डॉलर झाला साधारण तीन रुपये पाच आणे. एकास एक कुठून आणलं तुझ्या पुतण्यानं?

ताई : बरं, तीन रुपये पाच आणे. तरी ऐंशीपर्यंत घसरलाच ना? मुद्दा तोच राहतो.

काकाजी : नाही राहत. तो तक्ता काढणाऱ्याला वाटतं की स्वातंत्र्याच्या दिवशी रुपया टणक होता अन् आपण तो मऊ केला. अठरा पेन्सचा दर आपल्या ताकदीनं आला नव्हता, कायद्यानं ठरवला होता. १९२७ च्या कायद्यानं. त्याच्या आधी कित्येक वर्षं सोळा पेन्सचा दर होता, म्हणजे पौंडाला सरळ पंधरा रुपये. मध्येच १९२० साली सरकारनं रुपया दोन शिलिंगांचा करायचा घाट घातला, पौंडाला दहा रुपये. तो दर टिकवायला सरकारनं लंडनमधली गंगाजळी ओतली, तरी टिकला नाही. आणखी मागं गेलीस तर १८७३ च्या आधी रुपया दोन शिलिंगांच्या आसपासच होता. जर्मनीनं अन् इतर देशांनी चांदी टाकून सोनं धरलं, चांदी गडगडली अन् तिच्यासोबत आपला चांदीचा रुपया. १८९३ साली सरकारनं टाकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद केल्या, तेव्हा कुठं तो सोळा पेन्सला आणून बांधता आला. चढला तोही लोकांनी चढवला, उतरला तोही लोकांनी उतरवला.

ताई : लोकांनी म्हणजे लंडनच्या लोकांनी.

काकाजी : हो. तिथं आपलं दोघांचं एकमत.

एका टनाचा हिशेब

ताई : तुमच्या खाणीला या पेन्सांशी काय देणंघेणं होतं?

काकाजी : सगळंच. आमच्या भागातल्या मँगनीजचा उद्योग उभा राहिला तोच विलायतेत माल विकायला. १८९६ साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट निघाली. तीच पुढं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. नोंदणी इंग्लंडात, खोदकाम इथं. चिखला, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी, ही सगळी तुमसरची नावं. माल तुमसर रोडवरून आगगाडीनं बंदराला, तिथून बोटीनं युरोपातल्या पोलादाच्या भट्ट्यांना. अन् भाव ठरायचा पेन्समध्ये.

ताई : टनावर?

काकाजी : युनिटवर. टनातलं एक टक्का मँगनीज म्हणजे एक युनिट. समज, पन्नास टक्क्यांचं खनिज आहे अन् युनिटला बारा पेन्स भाव मिळाला. टनाचे झाले सहाशे पेन्स, अडीच पौंड. आता हे अडीच पौंड इथं आणून रुपये कर. सोळा पेन्सचा रुपया असेल तर साडेसदतीस रुपये. अठरा पेन्सचा असेल तर तेहेतीस रुपये पाच आणे चार पै. खनिज तेच, भट्टी तीच, गिऱ्हाईक तेच. अन् दिल्लीतल्या एका कायद्यानं टनामागं चार रुपये दोन आणे आठ पै उडाले. मजुरी रुपयात, रेल्वेचं भाडं रुपयात, सरकारची रॉयल्टी रुपयात. ते काही दिल्लीच्या कायद्यानं कमी होत नाही. महाग रुपया म्हणजे इथं खोदणाऱ्याच्या तोंडातला घास.

ताई : खोदणाऱ्याच्या की खोदवून घेणाऱ्याच्या?

काकाजी : हं. बोल.

ताई : तुमचे ते चार रुपये दोन आणे वाचले असते, तर त्यातली किती पै पाटी वाहणाऱ्या बाईच्या हातात पडली असती? कंपनी इंग्लंडची, नफा इंग्लंडात. स्वस्त रुपयाचा फायदा तिलाच होता. अन् तुम्ही मला सांगताय की स्वस्त रुपया म्हणजे देशाचं भलं!

काकाजी : मुंबईचे गिरणीवालेही सोळा पेन्सच मागत होते, ताई. ते काही इंग्रज नव्हते. हिल्टन यंग आयोगानं १९२६ साली अठरा पेन्सची शिफारस केली तेव्हा सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी भिन्नमत लिहून दिलं. देशी उद्योग अन् शेतमाल दोन्ही मार खातील, असं त्यांचं म्हणणं. सरकारला अठरा का हवे होते, माहीत आहे? लंडनला दरवर्षी पेन्शनी, व्याज, ऑफिसचा खर्च पौंडात पाठवावा लागे. रुपया महाग असला की त्या पौंडांना कमी रुपये लागत. पौंडामागं एक रुपया दहा आणे आठ पै वाचत.

ताई : म्हणजे सरकारला त्याच्या सोयीचा दर हवा होता, गिरणीवाल्यांना त्यांच्या, खाणवाल्यांना त्यांच्या. मजुराच्या सोयीचा दर कोणता, ते कोणी विचारलं?

काकाजी : एकानं विचारलं होतं.

हरलेल्या उमेदवाराचं म्हणणं

ताई : बाबासाहेबांनी. ते मला ठाऊक आहे. रिझर्व्ह बँक त्यांच्याच पुस्तकावरून निघाली, असं सगळे सांगतात.

काकाजी : थोडं आवरून सांगावं. बँकेची शिफारस हिल्टन यंग आयोगाची, कायदा १९३४ चा, कामकाज १ एप्रिल १९३५ पासून. बाबासाहेबांनी त्या आयोगापुढं १९२५ च्या डिसेंबरात साक्ष दिली, हे खरं. त्यांचं मोठेपण सिद्ध करायला बँक त्यांच्या नावावर लिहायची गरज नाही. त्यांनी जे लिहिलं तेच पुरेसं आहे.

ताई : मग सांगा, काय लिहिलं?

काकाजी : १८७३ ते १८९३ या वीस वर्षांत रुपया घसरत गेला अन् निर्यात वाढत गेली. व्यापारी म्हणाले, बघा, स्वस्त रुपया म्हणजे वरदान. बाबासाहेबांनी विचारलं, हे वरदान दिलं कोणी? परदेशी गिऱ्हाइकानं तर जास्त पैसे दिले नाहीत. त्यांचं उत्तर असं की रुपया पडला की देशातले भाव चढतात, मजुरी मात्र मागं राहते. त्या मधल्या काळात मालकाचा माल चढ्या भावानं जातो अन् मजूर जुन्याच मजुरीवर काम करतो. निर्यातदाराला मिळालेली बक्षिशी मजुराच्या ताटातून आलेली असते.

ताई : हेच! हेच मी म्हणते आहे. गोंदिया अन् भंडारा तेव्हा एकच जिल्हा होता, १९९९ पर्यंत. घरोघर बिड्या वळल्या जात. बिडीची मजुरी हजारावर ठरते. तेलाचा भाव आठवड्याला बदलतो, हजारी मजुरी वर्षभर तशीच राहते. बाबासाहेब इथं मतं मागायला आले तेव्हा समोर बसलेल्या बायांना हे पुस्तक वाचायची गरज नव्हती. त्या ते जगत होत्या.

काकाजी : मान्य. पण त्याच पुस्तकातली दुसरी बाजूही ऐक. चढा दर म्हणजे देशाची शान, असं ते कुठं म्हणत नाहीत. त्यांचा राग सरकारच्या हातातल्या लगामावर होता. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञानं १९१३ साली सुवर्ण विनिमय पद्धतीची तरफदारी केली. तिच्यात सरकार रुपये पाडत राहणार अन् लंडनमधल्या साठ्यातून दर सांभाळत राहणार. बाबासाहेब म्हणाले, यात नाणी किती पाडायची याला मर्यादाच नाही. नाणं जास्त झालं की भाव वाढतात अन् सामान्य माणूस भरडतो. त्यांना आधी देशातले भाव स्थिर हवे होते. परदेशी दर त्यानंतर.

ताई : मग माझंच म्हणणं आलं.

काकाजी : अर्धं. तुला भक्कम रुपया हवा, त्यांना स्थिर. भक्कम अन् स्थिर यांत फरक आहे. १९२७ नंतर रुपया भक्कम होता. १९३१ च्या सप्टेंबरात खुद्द इंग्लंडनं सोनं सोडलं, तरी आपला रुपया पौंडाला अठरा पेन्सवर बांधलेलाच राहिला. अन् इथं काय झालं? मंदीत मँगनीजला गिऱ्हाईक उरलं नाही, मध्य प्रांतातल्या कितीतरी खाणी बंद पडल्या. शेतमालाचे भाव कोसळले. सारा भरायला लोकांनी अंगावरचं सोनं मोडलं अन् ते बोटी भरभरून विलायतेला गेलं. बंद खाणीतल्या मजुराला भक्कम रुपयाचा काय उपयोग? हातात रुपयाच नाही.

ताई : ती मंदी अमेरिकेतून आली होती, काकाजी. सोळा पेन्सचा दर असता तरी खाणी बंदच पडल्या असत्या.

काकाजी : पडल्या असत्या. पण काही उशिरानं, काही कमी. अन् हेही सांगतो, दराइतकंच वाहतुकीचं मोल असतं. आमचा माल मुंबई-कलकत्त्याला जायचा. १९३१ ला रायपूर–विजयानगरम् लाइन पुरी झाली, १९३३ ला विशाखापट्टणम् बंदर उघडलं. जवळचं बंदर मिळालं म्हणजे टनामागं भाडं वाचलं. पेन्सांवर भांडणारे लोक आगगाडीच्या भाड्याकडं पाहत नाहीत.

जिंकलेल्या उमेदवाराचा डाव

ताई : ठीक. आता तुमच्या माणसाकडं या. अशोक मेहता.

काकाजी : माझा माणूस म्हणे! भंडाऱ्यानं निवडून दिला, म्हणजे तुझाही.

ताई : माझ्या जन्माआधी. १९६६ च्या त्या रात्रीबद्दल मात्र घरी ऐकलं आहे. आकाशवाणीवर बातमी आली अन् सकाळी बाजारात भाव विचारायची चोरी.

काकाजी : ५ जूनच्या रात्री घोषणा, ६ जूनपासून लागू. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांना. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांना. तेव्हा अर्थमंत्री होते सचिंद्र चौधरी. अशोक मेहता भंडाऱ्याचे खासदार राहिले नव्हते. समाजवादी पक्ष सोडून काँग्रेसमध्ये आले होते अन् नियोजन खातं सांभाळत होते. त्या वसंतात त्यांनीच वॉशिंग्टनला जाऊन जागतिक बँकेच्या जॉर्ज वुड्सशी बोलणी केली. एक कट्टर समाजवादी म्हणून ज्यांना आपण निवडून दिलं, त्यांना रुपया स्वस्त करायची गरज पटली होती. याचा अर्थ गरज खरी होती.

ताई : किंवा दबाव खरा होता. १९६५ चं युद्ध झालेलं, अमेरिकेनं मदत थांबवलेली, पाऊस नाही, गहू बाहेरून. अशा वेळी मदत देणारा म्हणतो रुपया कमी करा, अन् आपण कमी करतो. याला गरज म्हणायची की नाक दाबणं? काँग्रेसच्या कार्यकारिणीलाही विचारलं नव्हतं. पक्षाध्यक्ष कामराज भडकले होते. त्याआधीचे अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी तर विरोधातच होते.

काकाजी : विचारून अवमूल्यन करता येत नाही, बाप्पा. आदल्या दिवशी कळलं तर सगळे डॉलर साठवतील.

ताई : बरं, निकाल काय लागला? तो सांगा. कागदावर म्हणतात साडेछत्तीस टक्के कपात. माझ्यासारख्या घेणाऱ्याला तो डॉलर किती महाग झाला?

काकाजी : साडेसत्तावन्न टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. रुपयाकडून मोजलं तर साडेछत्तीस, डॉलरकडून मोजलं तर साडेसत्तावन्न. विकणारा पहिला आकडा सांगतो, घेणारा दुसरा भरतो.

ताई : अन् देशावरचं डॉलरमधलं प्रत्येक कर्ज एका रात्रीत रुपयांत साडेसत्तावन्न टक्क्यांनी फुगलं. १९६६ ला पुन्हा दुष्काळ. निर्यात उडी मारणार होती, ती जागेवरच. जेवढी मदत कबूल झाली, ती तेवढ्या मोकळ्या हातानं आली नाही. महागाई मात्र बोट न दाखवता घरात शिरली. अशोक मेहतांचा हिशेब चुकला, म्हणा ना.

काकाजी : हिशेब अर्धाच मांडू दिला. निर्यातदारांना ज्या सवलती होत्या, त्या त्याच रात्री काढून घेतल्या. चहा, ताग अशा मालावर उलट निर्यात कर बसवला. म्हणजे एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. विकणाऱ्याच्या पदरात साडेसत्तावन्न टक्के पडलेच नाहीत. त्यात दोन दुष्काळ. ताप उतरायच्या आत औषध वाईट म्हणून फेकून दिलं.

ताई : तुमच्या खाणीला तरी फायदा झाला का?

काकाजी : इथं एक गंमत पाहा. १९६२ साली ‘मॉइल’ ही मँगनीज खाण कंपनी स्थापन झाली. ५१ टक्के भाग केंद्र अन् महाराष्ट्र-मध्य प्रदेश सरकारांचे, ४९ टक्के जुन्या इंग्रज कंपनीचे. हे ४९ टक्के आपण १९७७ मध्ये विकत घेतले. म्हणजे १९६६ साली अर्धी मालकी विलायतेत होती. समज, तिच्या वाट्याला २१ हजार रुपये लाभांश आला. ५ जूनला त्याचे १,५७५ पौंड झाले असते, ६ जूनला एक हजार. तुझ्या म्हणण्याप्रमाणे स्वस्त रुपया इंग्रजाच्या फायद्याचा ना? या वेळी मार त्यालाच बसला.

ताई : हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण पाटी वाहणाऱ्या बाईचं काय, हे तुम्ही पुन्हा सोडलंत.

काकाजी : सोडलं नाही. उत्तर आवडत नाही म्हणून मागं ठेवलं. तिची मजुरी ६ जूनला वाढली नाही.

बांधलेला रुपया, सुटलेला रुपया

ताई : मग स्थिर ठेवणं काय वाईट होतं? सतरा वर्षं, १९४९ ते १९६६, डॉलर ४.७६ वर होता.

काकाजी : अन् ४.७६ वर आला कसा? १९४९ च्या सप्टेंबरात इंग्लंडनं पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. आपण पौंडाला बांधलेले, आपणही तेवढेच खाली आलो. पौंड मात्र तेरा रुपये तेहेतीस पैशांचाच राहिला, म्हणून कोणाला फारसं जाणवलं नाही. पाकिस्ताननं आपला रुपया खाली आणला नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना एकशे चव्वेचाळीस भारतीय, असा दर पडला अन् तागाचा व्यापार अडला. कालपर्यंत एकच असलेल्या बाजारात दोन रुपये झाले. पुढं १९६७ मध्ये पौंड पुन्हा पडला, तेव्हा आपण त्याच्या मागं गेलो नाही. २१ चा पौंड अठरावर आला. मग १९७५ मध्ये रुपया पौंडापासून सोडवून अनेक चलनांच्या टोपलीला बांधला. पौंडाशी बांधलेला होता तोवर आपल्या स्थैर्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती.

ताई : १९९१ ला तरी किल्ली कोणाच्या खिशात होती? सोनं गहाण टाकलं होतं आपण.

काकाजी : सत्तेचाळीस टन, बँक ऑफ इंग्लंड अन् बँक ऑफ जपानकडं. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला. डॉलर एकवीस रुपयांच्या आसपास होता, तो सव्वीसच्या जवळ गेला. पंतप्रधान नरसिंह राव. ते आपल्या शेजारच्या रामटेकचे खासदार राहिलेले, अन् मनसरच्या मँगनीज खाणी त्याच तालुक्यात. त्या वेळी मात्र नुसता दर बदलला नाही. परवाने, आयातीची बंधनं, सगळं मोकळं करायला घेतलं. म्हणून १९६६ ला जे जमलं नाही ते १९९१ नंतर जमलं. नुसता रुपया स्वस्त करून काही होत नाही, बाजाराचं दारही उघडावं लागतं.

ताई : दाराची गोष्ट काढलीत म्हणून विचारते. आपला जिल्हा धानाचा. स्वस्त रुपया म्हणजे तांदळाला बाहेर जास्त रुपये. अन् २० जुलै २०२३ ला सरकारनं बिगर बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातच बंद केली, ती बंदी २०२४ पर्यंत चालली. उकड्यावर वीस टक्के कर लावला. मग डॉलर ऐंशी असो की शंभर, धानवाल्याला काय मिळालं? पण पोटॅश बाहेरून येतं, डीएपीचा कच्चा माल बाहेरून येतो. डॉलर वाढला की खर्च वाढतो. म्हणजे तेव्हा विकताना दार बंद होतं अन् घेताना उघडं.

काकाजी : डीएपीची गोणी शेतकऱ्याला १३५० रुपयांनाच मिळते ना पण? फरक सरकार भरतं.

ताई : सरकार कुठून भरतं, काकाजी? तुमच्या-माझ्या करातून. स्वस्त रुपयाचं बिल गोणीवर छापलेलं नसतं, एवढंच.

काकाजी : बरं, तुझ्या दुकानाचं बोल. पितळ म्हणजे तांबं अन् जस्त. त्यांचे भाव लंडनच्या धातुबाजारात डॉलरमध्ये निघतात. रुपया पडला की तुझा गुंड महाग. पण गिऱ्हाईक आजीचा जुना गुंड मोडीत घेऊन येतं, त्यालाही चढा भाव मिळतोच की!

ताई : मिळतो. मोड घालणाऱ्याला दोन पैसे जास्त देते मी. पण ज्या घरी मोडीत घालायला काही नाही अन् पोरीच्या लग्नात परात-गुंड द्यायचाच आहे, ते घर स्टीलवर येतं. ज्याच्याकडं आधीच माल आहे त्याला पडत्या रुपयात फायदा, ज्याच्याकडं नुसते हात आहेत त्याला तोटा. बाबासाहेबांचंच गणित पितळेत.

काकाजी : आता माझ्या खाणीचंही ऐकून घे. एके काळी आम्ही मँगनीज विलायतेला विकायचो. आज देश स्वतः दक्षिण आफ्रिकेतून, गॅबनमधून मँगनीज आणतो. त्यामुळे रुपया पडला की बाहेरचा माल महाग पडतो अन् डोंगरी बुजुर्गच्या खनिजाला इथल्याच भट्टीत बरा भाव मिळतो. खाण चालू राहते, तुमसरचा बाजार चालू राहतो. मी म्हणतो ते हेच. रुपया इतका ताठ नको की खोदायचंच बंद पडेल.

ताई : अन् मी म्हणते, इतका लवचीकही नको की ज्याची मजुरी वाकत नाही त्यानंच सगळं वाकायचं.

काकाजी : मजुरीही भावासोबत वाढली तर? तर तुझी हरकत राहील?

ताई : तर पुतण्याचा तक्ता मी स्वतः पुसून टाकीन. पण भाव आज वाढतो अन् मजुरी कधी वाढते, ते दाखवणारा तक्ता आधी आणा.

काकाजी : तो तक्ता कोणी काढत नाही.

दोघांचं पटलं नाही, आणि पटायची गरजही नाही. काकाजींची बाजू लंगडी नाही. माल विकणाऱ्या प्रदेशाला फार चढा रुपया परवडत नाही, आणि बंद खाणीत मजुरीचा प्रश्नच उरत नाही. मेहतांनी १९६६ साली जे पाहिलं त्यात तथ्य होतं, म्हणूनच १९९१ मध्ये तोच मार्ग नीट तयारीनं पुन्हा धरावा लागला. पण ताईंचा प्रश्न १९२३ सालच्या ग्रंथातला आहे आणि शंभर वर्षांनीही त्याला बगल दिली जाते. सोळा पेन्स, अठरा पेन्स, ४.७६, साडेसात, सव्वीस, ऐंशी : प्रत्येक दराने काही रुपये एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातले. ज्यांच्या खिशातून ते गेले त्यांना दर ठरवणाऱ्या खोलीत बोलावणं नव्हतं.

तेव्हा रुपयाच्या घसरणीचा आकडा तुमच्या मोबाइलवर येईल तेव्हा त्याची लाजही बाळगू नका आणि त्याचा उत्सवही करू नका. आधी तो खरा आहे का, हे पाहा. १९४७ चा एकास एक डॉलर खरा नव्हता. मग आपल्या भागात काय विकलं जातं आणि काय विकत आणलं जातं, याची दोन रकान्यांत यादी करा. भंडाऱ्यात पहिल्या रकान्यात तांदूळ आणि मँगनीज येईल, दुसऱ्यात खत, इंधन, तांबं. शेवटी भाव चढल्यावर मजुरी किती महिन्यांनी चढली, हे गावातल्या मजुरालाच विचारा. त्या महिन्यांत रुपयाच्या घसरणीचा खर्च त्याने उचललेला असतो, आणि कोणत्याही अवमूल्यनाचा निवाडा तिथूनच सुरू व्हायला हवा.